गाठोडं आणि गाठ

"मावशी, याला दार कुठंय?"

भाचा आठवीत आहे. मी लॅपटॉपवर एमएस२ या विषाणूचं चित्र उघडून बसले होते आणि तो मागून डोकावत होता. चित्रात निळसर, खडबडीत, जवळजवळ गोल असा एक चेंडू. मी त्याला सांगितलं की हे कवच आहे, प्रथिनांचं, आणि विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची आनुवंशिक माहिती लिहिलेला धाग्यासारखा रेणू, याच्या आत असतो. त्याने चित्र फिरवून फिरवून पाहिलं. माउसने सगळ्या बाजू धुंडाळल्या. मग त्याने हा प्रश्न विचारला. "दार नाही तर आत भरलं कसं?"

मी चार वर्षं याच प्रश्नावर काम केलं आहे. तेव्हा तो या शब्दांत कोणी विचारला नव्हता. आम्ही त्याला 'जीनोम पॅकेजिंग' म्हणायचो (जीनोम म्हणजे विषाणूची सगळी आनुवंशिक माहिती), आणि 'पॅकेजिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर खोका येतोच. आधी रिकामा खोका, मग माल, मग झाकण. मलाही सुरुवातीचे सहा महिने तसंच वाटत होतं. एमएस२च्या बाबतीत ते चूक आहे. कुठे चुकतं हे त्या संध्याकाळी भाच्याला सांगताना मलाच पुन्हा नव्याने लख्ख दिसलं, म्हणून लिहायला बसले.

आधी या पाहुण्याची ओळख. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. अशा विषाणूंना फेज म्हणतात. बहुतेक फेजच्या आत डीएनए असतो, पण काही थोड्यांच्या आत आरएनए असतो. असा पहिला आरएनए फेज, एफ२, टिम लोब आणि नॉर्टन झिंडर यांना १९६१ मध्ये सापडला. एमएस२ त्याचाच जवळचा भाऊ. तो ई. कोलाय या जिवाणूच्या प्रत्येक पेशीला धरत नाही. ज्या पेशींच्या अंगावर एफ-पिलस नावाचा बारीक केसासारखा तंतू असतो त्यांनाच धरतो, तेही तंतूच्या कडेला चिकटून. त्याचा व्यास सुमारे २७ नॅनोमीटर. आरएनए म्हणजे ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांची माळ, आणि याच्या आतल्या माळेत अक्षरं ३,५६९. जनुकं फक्त चार: कवचाचं प्रथिन, मॅच्युरेशन प्रथिन, आरएनएच्या प्रती काढणारं रेप्लिकेज, आणि शेवटी पेशी फोडणारं एक छोटंसं प्रथिन. बेल्जियममधल्या गेंट इथे वॉल्टर फियर्स यांच्या गटाने १९७२ मध्ये यातलं कवचाचं जनुक वाचलं आणि १९७६ मध्ये सगळीच्या सगळी अक्षरं. कुठल्याही जीवाचा किंवा विषाणूचा पूर्ण वाचला गेलेला हा पहिला जीनोम. मला हे आजही थोडं अंगावर येतं. माणसाने पहिल्यांदा जो जीनोम पूर्ण वाचला, तो इतका लहान होता की वहीच्या दोन-तीन पानांवर मावला असता.

आता दाराकडे येऊ.

भाच्याला नुसतं बोलून पटेना, म्हणून आम्ही कागदाचं कवच करायला घेतलं. साध्या फुटबॉलवर पाच बाजूंचे १२ तुकडे असतात आणि सहा बाजूंचे २०. त्यांच्यामधल्या शिवणी मोजल्या तर ९० भरतात. एमएस२च्या कवचात एकाच प्रथिनाच्या १८० प्रती असतात, पण त्या सुट्या कधी फिरत नाहीत, जोडीजोडीने असतात. म्हणजे ९० जोड्या. आणि त्या बरोबर फुटबॉलच्या शिवणींच्या जागी बसतात. पंचकोनाच्या कडेच्या ६० शिवणींवर एका ठेवणीच्या जोड्या, दोन षट्कोनांमधल्या ३० शिवणींवर दुसऱ्या ठेवणीच्या. आम्ही ६० निळ्या घड्या केल्या आणि ३० पिवळ्या. प्रत्येक टोकाला तीन घड्या एकमेकींत अडकतात. दोन संध्याकाळी गेल्या.

चेंडू पूर्ण झाल्यावर मी त्याच्या हातात कागदाची एक लांबलचक पट्टी दिली. "हा आरएनए. घाल आत." त्याने जाळीच्या एका भोकातून पट्टी सरकवायला सुरुवात केली. हातभर आत गेली, मग आतल्या आत अडकली आणि चेंडूच्या घड्या निसटायला लागल्या. दुसऱ्यांदा त्याने पट्टी आधी चुरगाळून गोळा केला. तो भोकातून जाईना. शेवटी त्याने चेंडू अर्धा उसवला, गोळा मध्ये ठेवला, आणि घड्या पुन्हा त्याच्याभोवती लावत आणल्या. "असं करतात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अगदी असंच. फक्त उसवायची वेळच येत नाही, कारण चेंडू आधी बनवलेलाच नसतो."

पेटी आणि गाठोडं यांतला फरक हाच. पेटी आधी असते आणि सामान नंतर येतं. गाठोड्याचं उलटं: सामान आधी मांडायचं आणि कापड त्याच्याभोवती चढवायचं. एमएस२ गाठोडं बांधतो.

डीएनए असलेले पुष्कळ फेज मात्र खरोखर पेटी भरतात. फाय-२९ नावाच्या फेजचं आधी रिकामं कवच तयार होतं. त्याच्या तोंडाशी प्रथिनांची एक मोटर असते. ती एटीपी हे पेशीचं इंधन जाळत १९,००० हून अधिक अक्षरजोड्यांचा डीएनए आत ओढत राहते. २००१ मध्ये एकेका कवचावर लेझरच्या चिमट्याने हे मोजलं गेलं तेव्हा मोटरचा जोर सुमारे ५७ पिकोन्यूटनपर्यंत गेला. रेणूंच्या जगात हा जबरदस्त जोर आहे. तो लागतो, कारण दुपदरी डीएनए ताठ असतो. साधारण ५० नॅनोमीटर अंतरापर्यंत तो आपला सरळपणा सोडत नाही, आणि त्याला ठासायचं असतं तेवढ्याच लांबी-रुंदीच्या कवचात.

एकपदरी आरएनएला ही अडचण नाही. तो लवचिक तर असतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्वतःच स्वतःवर दुमडतो. ए समोर यू आला, जी समोर सी आला, की दोन भाग चिकटतात आणि मध्ये एक वेटोळं उरतं. केसांच्या पिनेसारखा हा आकार, म्हणून हेअरपिन. साडेतीन हजार अक्षरांत असे कितीतरी आकडे पडतात, आकड्यांतून फांद्या फुटतात, आणि ताणला तर एक मायक्रोमीटरहून लांब भरेल असा धागा झुडपासारखा गोळा होऊन बसतो. कुणी ठासावं लागत नाही. गाठोड्यातलं सामान आपलं आपण आवरलं जातं.

माझी चार वर्षं यातल्या एका हेअरपिनवर गेली. फक्त १९ अक्षरांचा आहे तो. रेप्लिकेजच्या जनुकाच्या अगदी तोंडाशी. इतका तोंडाशी की त्या जनुकाची सुरुवात सांगणारी 'एयूजी' ही तीन अक्षरं त्याच्या एका दांड्यातच बसतात. वरच्या वेटोळ्यात चार अक्षरं: ए, यू, यू, ए. आणि दुसऱ्या दांड्यात एक ए असा, की त्याला समोर जोडीदारच नाही. तो बाहेर डोकावत राहतो. कवचाच्या प्रथिनांची जोडी याच हेअरपिनला येऊन धरते.

हे आम्ही जेलवर बघायचो, म्हणजे रेणू विजेने पळवून वेगळे करणाऱ्या चिकट थरावर. कवचाचं प्रथिन मिळवायचं तर फेजच फोडावा लागतो. बर्फात ठेवलेल्या फेजवर ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ओतायचं, अर्धा तास थांबायचं, मग सेंट्रिफ्यूज. आरएनए पांढरा साका होऊन तळाला जातो, प्रथिन वर द्रावणात राहतं. खोलीभर व्हिनेगरचा उग्र वास, तो दुपारपर्यंत नाकातून जायचा नाही. मग दहा नळ्या. प्रत्येकीत १९ अक्षरांचा तोच हेअरपिन, किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेला. पहिल्या नळीत प्रथिन अजिबात नाही, पुढे प्रत्येक नळीत थोडं थोडं जास्त. जेलमधून वीज सोडली की मोकळा हेअरपिन भरभर पळतो आणि प्रथिनाने धरलेला मागे रेंगाळतो. डार्करूममध्ये फिल्म धुतली की डावीकडे सगळे पट्टे खाली दिसायचे आणि उजवीकडे जाताजाता वर चढलेले. या चढणीवरून पकड किती घट्ट ते मोजता येतं.

तो बाहेर डोकावणारा ए काढून टाकला की सगळे पट्टे खालीच राहतात. पकड गेलीच म्हणायची. उलट, वेटोळ्यातल्या दुसऱ्या यूच्या जागी सी घातला की पट्टे फार लवकर वर चढतात. पकड कित्येक पटींनी घट्ट होते. पहिल्यांदा हे माझ्या हाताने झालं तेव्हा मी फिल्म ओलीच घेऊन डार्करूमच्या बाहेर आले होते. एका अक्षराचा हा फरक.

मग निसर्गात तिथे सी का नाही? मला वाटतं याचं उत्तर त्या हेअरपिनच्या दुसऱ्या कामात आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

लागण झाल्यावर सुरुवातीला फेजला रेप्लिकेज हवं असतं. त्याशिवाय आरएनएच्या प्रती निघणार नाहीत. त्या वेळी पेशीत कवचाचं प्रथिन थोडंच असतं, हेअरपिन मोकळा असतो, राइबोसोम, म्हणजे आरएनए वाचून प्रथिनं बनवणारं पेशीतलं यंत्र, येऊन बसतो आणि रेप्लिकेज बनतं. हळूहळू कवचाचं प्रथिन साठत जातं. एका टप्प्यावर ते इतकं होतं की त्याची एक जोडी या हेअरपिनवर येऊन बसते. 'एयूजी' तिच्याखाली झाकली जाते आणि राइबोसोमला जागाच उरत नाही. रेप्लिकेज बंद. पण ज्या जोडीने ते बंद केलं तीच आता आरएनएवर बसलेली पहिली वीट असते. तिच्या शेजारी दुसरी येते, तिसरी येते. म्हणजे 'रेप्लिकेज बनवणं थांबवा' आणि 'बांधायला घ्या' हे दोन वेगळे हुकूम नाहीत. एकच घटना दोन्ही कामं करते. पकड फार घट्ट असती तर थोड्याच प्रथिनाने रेप्लिकेज वेळेआधी बंद पडलं असतं आणि बांधायला पुरेसा आरएनएच तयार झाला नसता. निसर्गातला यू बेताचा आहे, आणि तो बेत बरोबर जमला आहे असं मी समजते.

अजून एक गोष्ट आहे, ती बघायला बारकाईने पाहावं लागतं. मघाशी निळ्या आणि पिवळ्या घड्या म्हटलं. प्रथिन तर एकच आहे, १२९ अमिनो आम्लांचं. मग दोन ठेवणी कशा? प्रत्येक प्रथिनात एक लवचीक, वेटोळ्यासारखा भाग आहे. तो कधी मुडपलेला असतो, कधी पसरलेला. जोडीतला एक मुडपलेला आणि एक पसरलेला असेल तर ती निळी घडी, दोन्ही पसरलेले असतील तर पिवळी. पीटर स्टॉकली यांच्या इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या गटाने दाखवलं की मोकळ्या जोडीत दोघांची ठेवण एकसारखी असते आणि हेअरपिन येऊन बसला की ती निळ्याकडे झुकते. आरएनए नुसता आत गुंडाळला जात नाही. कवचाची कुठली वीट कुठे वळावी हेही तो सांगत असतो. हे ऐकून भाच्याने विचारलं, "म्हणजे घडी कशी घालायची ते पट्टीवर लिहिलंय?" हो. लिहिलंय, पण अक्षरांत नाही, अक्षरांच्या वळणांत. तोच आरएनए राइबोसोम तीन-तीन अक्षरं धरून वाचतो आणि कवचाचं प्रथिन त्याचे आकडे चाचपून वाचतं. एका मजकुराचं दोनदा वाचन, दोन वेगळ्या लिप्यांत म्हणा हवं तर.

यामुळे एक विलक्षण अडचण येते. एकाच अमिनो आम्लासाठी बहुधा तीन अक्षरांचे एकाहून अधिक वेगळे शब्द असतात. त्यामुळे प्रथिन तेच ठेवून अक्षरं बदलता येतात. पण तसं केलं की वळणं बिघडतात. गोल कवचाच्या अनेक आरएनए विषाणूंवर संगणकाने हे करून पाहिलं तेव्हा आरएनएचा आटोपशीरपणा कमी झाला, त्याचा गोळा पसरट झाला. दोन्ही वाचनं एकाच वेळी सांभाळत हा मजकूर घडला आहे.

आता खरा वादाचा भाग. पेशीत आरएनए काही फक्त फेजचाच नसतो. बहुतांश आरएनए राइबोसोमचा असतो, त्याशिवाय पेशीचे स्वतःचे संदेश. एका पेशीतून फेज हजारोंनी बाहेर पडतात आणि त्यातल्या बहुतेकांत नेमका फेजचाच आरएनए असतो. ही निवड होते कशी?

बरीच वर्षं उत्तर सोपं वाटत होतं: तो १९ अक्षरांचा हेअरपिन. मीही याच समजुतीने कामाला लागले होते. पण तो एकटा पुरेसा नाही. कवचाचं प्रथिन एकटंच ई. कोलायमध्ये बनवलं, फेजचा आरएनए दिलाच नाही, तरी कवचं बनतात आणि त्यांच्या पोटात पेशीचाच कुठलातरी आरएनए सापडतो. म्हणजे प्रथिन हावरं आहे. दुसरा कुणी नसेल तर मिळेल त्याला गुंडाळतं. फेजचा आरएनए जिंकतो तो शर्यतीत. लीड्सचे स्टॉकली आणि यॉर्कच्या गणितज्ञ राइडून ट्वारॉक यांनी मांडलं की एका घट्ट हेअरपिनशिवाय सबंध आरएनएवर त्याच्यासारखे दिसणारे, पण सैल पकडीचे बरेच आकडे विखुरलेले आहेत. प्रत्येक आकडा एकेका जोडीला क्षणभर धरतो, योग्य जागी आणून सोडतो. एकेकटा दुबळा, मिळून पक्के. घट्ट हेअरपिन आधी सुरुवात करून देतो आणि बाकीचे काम पुढे नेतात.

मला ही मांडणी पटायला वेळ लागला. कागदावर छान दिसणाऱ्या कल्पनांबद्दल मी सावध असते. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एमएस२च्या पोटातला आरएनए ३.६ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) स्पष्ट पाहिला, ते चित्र बघितल्यावर माझा आडमुठेपणा गळाला. आधीच्या चित्रांत कवच स्पष्ट असायचं आणि आत धुकं. कारण हजारो कणांची सरासरी काढताना कवचाच्या ६० सारख्या बाजू एकमेकींवर चढवायचे, आणि आरएनएला तर सारख्या बाजूच नाहीत. यांनी ती सवलत घेतली नाही. धुक्यातून झुडूप बाहेर आलं: आरएनएचा सुमारे ८० टक्के कणा माग काढण्याइतका स्पष्ट, आणि कवचाच्या आतल्या बाजूला टेकलेले १६ हेअरपिन अगदी बारकाव्यांसकट. यातली सर्वांत मोठी बातमी माझ्या मते अशी, की हे झुडूप कणाकणांत जवळजवळ तेच होतं. आरएनए कसाही कोंबलेला असता तर सरासरीत पुन्हा धुकंच आलं असतं. प्रत्येक गाठोडं आतून एकाच पद्धतीने आवरलेलं आहे.

बांधताना बघायचं राहिलं होतं, तेही झालं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या एका गटाने काचेवर आरएनएचे सुटे रेणू बांधले, वरून प्रथिनाच्या जोड्या सोडल्या, आणि विखुरलेल्या प्रकाशात एकेक ठिपका गडद होताना पाहिला. काही ठिपके लवकर सुरू झाले, काही बराच वेळ स्वस्थ बसले. पण एकदा सुरू झालेला ठिपका भराभर गडद होत जायचा. कठीण असते ती सुरुवातीची छोटी मांडणी. ती टिकली की बाकीचं आपोआप लागत जातं. भाच्याच्या कागदी चेंडूतही पहिले दोन पंचकोन हातात धरून ठेवावे लागत होते, पुढे ते सुटत नव्हते.

या सगळ्यात एक वाईट महिना येऊन गेला, तो सांगते. दुसऱ्या वर्षी मी फेजमधून पूर्ण लांबीचा आरएनए काढला होता, तीन आठवड्यांचं काम. फ्रीझरमधून काढून जेलवर चालवला तर एका स्पष्ट पट्ट्याच्या जागी वरून खालपर्यंत नुसता धुरकट पट्टा. आरएनएचे तुकडे तुकडे झाले होते. आरएनेज नावाचं विकर आपल्या कातडीवर, घामात, धुळीत, सगळीकडे असतं, आणि त्याचा अंशही पुरतो. माझ्याच हातमोज्यातून कुठेतरी गेलं असणार. मी त्या रात्री बाक पुसत बसले होते आणि खरंच रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन नळ्या घेतल्या. एकीत मोकळा आरएनए, दुसरीत अख्खा फेज. दोन्हींत मुद्दाम आरएनेज घातलं, अर्धा तास ३७ अंशांवर ठेवलं. मग फेजच्या नळीतलं आरएनेज काढून टाकून फेज फोडला आणि दोन्ही नमुने जेलवर शेजारीशेजारी चालवले. पहिल्या रांगेत काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या रांगेत एकच पट्टा, ठळक, जिथे असायला हवा तिथे. पाठ्यपुस्तकात 'कवच आरएनएचं रक्षण करतं' हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेन. त्याचा अर्थ मला त्या दोन रांगांनी सांगितला. याच गुणामुळे पुढे आरएनए ओळखणाऱ्या चाचण्यांत नियंत्रण म्हणून एमएस२ वापरला जायला लागला. २०२० साली कोरोनाच्या कित्येक नमुन्यांत तंत्रज्ञ आधी थोडा एमएस२ टाकत असत. शेवटी तो दिसला तर आरएनए काढण्याची पायरी नीट झाली असं समजायचं.

सगळेच आरएनए फेज गाठोडं बांधत नाहीत, हेही सांगायला हवं. फाय-६ म्हणून एक आहे, १९७३ मध्ये वर्णिलेला, घेवड्यावर रोग पाडणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूवर जगणारा. त्याचा आरएनए दुपदरी असतो, आणि तीन तुकड्यांत: लहान, मधला, मोठा. प्रत्येक कवचात तिन्ही हवेत, आणि एकेकच हवा. दोन लहान आणि एक मोठा गेला तर तो फेज फुकट. दुपदरी आरएनए डीएनएसारखाच ताठ, मग इथे पेटी आणि मोटर येणार हे ओघानेच आलं. पण इथे एक युक्ती आहे. तुकडे आत जातात ते एकपदरी. सहा प्रथिनांच्या कड्याची एक मोटर त्यांना एटीपी जाळून आत ओढते, आणि तिन्ही आत गेल्यावर कवचाच्या पोटात बसलेलं पॉलिमरेज प्रत्येकाचा दुसरा पदर तिथेच विणतं. ताठपणा येतो तो आत गेल्यावर.

तिघांची मोजदाद कोण ठेवतं? या फेजचे अभ्यासक लिओनार्ड मिंडिच यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. रिकामं कवच ठिकठिकाणी आत दबलेलं असतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर फक्त लहान तुकडा ओळखणारी जागा उघडी असते. लहान आत गेला की कवच थोडं फुगतं, ती जागा झाकली जाते आणि मधल्याची उघडते. तो गेला की आणखी फुगतं आणि मोठ्याची उघडते. पेटी आपल्या पोटावरून ओळखते की आता कोणाची पाळी. हेलसिंकीच्या डेनिस बॅमफर्ड यांच्या गटाने तर २००१ मध्ये शुद्ध केलेली चार प्रथिनं नळीत एकत्र करून हे यंत्र जुळवून दाखवलं, आणि ते आरएनए आत घेत होतं. फाय-६वर मी स्वतः काम केलेलं नाही, त्यामुळे यापुढे बोलत नाही.

परत आमच्या कागदी चेंडूकडे. एक घडी मी शेवटपर्यंत राखून ठेवली होती, लाल. भाच्याला म्हटलं, एक पिवळी काढ आणि तिथे ही लाव. खऱ्या एमएस२मध्ये ९० नव्हे, ८९च जोड्या असतात. एका पिवळ्या जोडीच्या जागी मॅच्युरेशन प्रथिनाचा एकच रेणू बसतो. त्याचं एक अंग कवचाबाहेर निघालेलं, दुसरं आत, आणि आतल्या अंगाने त्याने आरएनएचं टोकाजवळचं एक आकडं पकडून ठेवलेलं. २०१७च्या त्या चित्रात कवचाला टेकलेले हेअरपिनही या लाल घडीच्या बाजूला जास्त दाटलेले दिसतात.

त्याने लाल घडी लावली. ती नीट बसेना, कारण आकार वेगळा. तिथे जाळी किंचित सैल राहिली.

"मग हेच दार," तो म्हणाला.

मी म्हटलं, दार नको म्हणूस, गाठ म्हण. फेज पिलसला चिकटतो तो या लाल घडीच्या बाहेरच्या अंगाने. जिवाणू आपला पिलस सारखा बाहेर टाकतो आणि आत ओढून घेतो. त्या ओढीबरोबर मॅच्युरेशन प्रथिन कवचातून निसटतं आणि त्याने पकडून ठेवलेला आरएनए त्याच्यामागून उलगडत पेशीत जातो. दोघं एकत्र आत शिरतात. जुन्या प्रयोगांत असं दिसलं होतं की फेज पिलसला चिकटल्यावर त्याचा आरएनए आरएनेजला सापडायला लागतो. गाठ सुटलेली असते. कवच रिकामं होऊन बाहेरच राहतं.

भाच्याने लाल घडीला चिमटीत धरलं आणि हळू ओढलं. आम्ही पट्टीचं टोक तिला चिकटवलेलं होतं. घडी निघाली, तिच्यामागे पट्टी निघाली, एकेक वेटोळं सोडत, आणि ती पूर्ण बाहेर येईपर्यंत चेंडू त्याच्या दुसऱ्या हातात तसाच उभा होता.